ज्युनिपरचं बोन्साय : झाड स्वस्त, हजेरी महाग

ज्युनिपर मेलं तरी कित्येक आठवडे हिरवंच दिसतं. विकत घेणाऱ्याला या झाडाबद्दल पहिली माहिती द्यायची तर हीच. तुळस किंवा जास्वंद पाण्याविना दोन दिवसांत माना टाकतात, म्हणजे निदान काय बिनसलंय ते कळतं. ज्युनिपर तशी कुठलीच सूचना देत नाही. मुळं कुजलेली असतात, खोडातला रस आटलेला असतो, आणि वरची पानं मात्र रंग सोडायला तयार नसतात. म्हणून मॉलमधून दोन-अडीच हजार मोजून आणलेलं झाड महिन्याभराने तपकिरी पडतं, घरातले एकमेकांना बोल लावतात आणि दुकानदार म्हणतो, "पाणी जास्त झालं असेल हो." प्रत्यक्षात ते झाड घरी आलं तेव्हाच संपलेलं असण्याची शक्यता बरीच असते.

तरीही लोक पहिलं बोन्साय म्हणून ज्युनिपरच उचलतात आणि त्यात त्यांचं चुकतं असं नाही. बारीक दाट पानोरा, तारेने हवी तशी वळणारी फांदी, लहान वयातच जुनाट दिसू लागणारी खोडाची साल, या गुणांमुळे जपानी बोन्सायमध्ये या झाडाला मोठा मान आहे. प्रश्न एवढाच की आपल्याकडे ते पाळायला नेमका खर्च किती येतो आणि कशावर. पुढचे आकडे नर्सऱ्यांत, प्रदर्शनांत आणि ऑनलाइन साधारण दिसणाऱ्या भावांचे आहेत. गाव, हंगाम आणि विक्रेत्याचा चेहरा पाहून त्यांत चढउतार होणारच, तेव्हा ते अंदाज म्हणूनच वाचावेत.

बोन्सायच्या फळीवर जाऊ नका

नर्सरीत शिरल्यावर समोरच चकचकीत कुंड्यांची एक फळी असते, तिच्यावर 'बोन्साय' अशी पाटी असते. तिथे एक वीतभर ज्युनिपर चिनी मातीच्या कुंडीत, वर पांढरे खडे घालून बाराशे ते साडेतीन हजारांना ठेवलेलं असतं. त्याच नर्सरीच्या मागच्या अंगाला, बंगल्यांच्या बागांसाठी घाऊक झाडं ठेवतात त्या कोपऱ्यात, तेच ज्युनिपर काळ्या पिशवीत किंवा प्लॅस्टिकच्या कुंडीत दोनशे ते पाचशेला मिळतं. पुष्कळदा या मागच्या झाडाचं खोड पुढच्या झाडापेक्षा जाडही असतं.

इथेच सगळ्यात जास्त पैसे वाचतात. लहान उथळ कुंडीत गेल्यावर झाडाचं खोड फारसं जाड होत नाही, वर्षानुवर्षं होत नाही. जाडी येते ती जमिनीत किंवा मोठ्या पिशवीत मोकळं वाढताना. तेव्हा खोड विकत घ्यावं. फांद्यांचा आकार, पानोऱ्याचे थर, कुंडी, शेवाळ हे सगळं नंतर घरी करता येतं. पिशवीतल्या झाडाच्या बुंध्याशी बोटाने थोडी माती उकरून पाहा. वरून पेन्सिलीएवढं दिसणारं खोड खाली अंगठ्याएवढं निघतं, मुळांची बैठक दिसू लागते. असं झाड साडेतीनशेला मिळालं तर ते त्या फळीवरच्या अडीच हजारवाल्यापेक्षा सरस.

पुण्याच्या वाचकांना उरुळी कांचन-लोणी काळभोर पट्ट्यातल्या सोलापूर रस्त्यावरच्या नर्सऱ्यांत अशी निवड करता येते. तिथे एक सकाळ घालवावी, पण 'ज्युनिपर द्या' एवढ्यावर थांबू नये. मोरपंखीला सर्रास ज्युनिपर म्हणून पुढे केलं जातं. मोरपंखीची पानं चपट्या पंख्यांसारखी, उभी, एकाच पातळीत पसरलेली असतात. ज्युनिपरची एकतर बारीक टोचरी सुईसारखी असतात किंवा गोल दोरीसारखी चहूबाजूंनी खवल्यांनी मढलेली. पुष्कळदा एकाच झाडावर दोन्ही तऱ्हा दिसतात. पसरट, टोचऱ्या पानांचं 'प्रोकम्बेन्स' आणि दोरीसारख्या पानांचं चिनी ज्युनिपर, ही दोन नावं लक्षात ठेवली तरी पुरे. जपानी लोक ज्याला शिम्पाकू म्हणतात ते चिनी ज्युनिपरचंच एक रूप. बारीक, घट्ट पानोऱ्यामुळे बोन्सायवाले त्याच्यासाठी जास्त पैसे मोजतात.

वयाच्या चिठ्ठीवर पैसे देऊ नयेत. 'वय १२ वर्षे' हे कुंडीला चिकटवलेलं वाक्य तपासायचा कुठलाही सोपा मार्ग नाही. बुंध्याची जाडी, मुळांची बैठक आणि जिवंत फांद्या या तीन गोष्टी डोळ्यांना दिसतात, भाव त्यांचा करावा. जाणकाराने आठ-दहा वर्षं तार लावून, छाटून तयार केलेलं झाड प्रदर्शनात आठ हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत जातं. तिथे तुम्ही त्याच्या आठ-दहा वर्षांचे पैसे देत असता, त्यामुळे ते महाग म्हणता येत नाही. मात्र ते तुमचं पहिलं झाड असू नये.

पैसे देण्याआधी पाच मिनिटं

झाड जिवंत आहे का, हे दुकानातच पाहून घ्यायचं. पानोऱ्यावरून हात फिरवा. जिवंत पानोरा लवचीक असतो, दाबला की परत उसळतो. कोरडा, कडक लागला, हात फिरवताच चुरा झाला, हिरव्यावर राखेची झाक दिसली, तर पुढे चला. एखाद्या जाडसर फांदीवर, मागच्या बाजूला, नखाने साल किंचित खरवडा. खाली ओलसर हिरवा थर दिसला पाहिजे. विक्रेता हरकत घेईल, घेऊ द्या. ज्याला आपल्या मालाची खात्री आहे तो एवढ्याला नाही म्हणत नाही.

मग खोड बुडाशी धरून हलकेच डोलवा. सगळं झाड कुंडीत लडबडत असेल तर ते परवाच कुंडीत बसवलेलं आहे आणि मुळं अजून धरलेली नाहीत. त्यानंतर वरचे खडे. भेटवस्तूंच्या दुकानातल्या झाडांना हे खडे गोंदाने चिकटवलेले असतात, वाहतुकीत सांडू नयेत म्हणून. पाणी घातलं की ते या खड्यांच्या पापुद्र्यावरून कडेला सरकतं, कुंडीच्या भिंतीलगत खाली उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर येतं. बघणाऱ्याला वाटतं, झाड पोटभर प्यायलं. मधला मुळांचा गोळा कोरडा ठणठणीत. असं झाड आवडलंच असेल तर घरी पोचल्या पोचल्या स्क्रू-ड्रायव्हरने तो पापुद्रा फोडून काढा. कुंडीला खाली भोक आहे का तेही उलटी करून बघा. बिनभोकाच्या कुंडीतलं ज्युनिपर फुकट मिळालं तरी घेऊ नये.

शेवटी पांढरा कागद. फांदीखाली धरा आणि फांदीवर दोन टिचक्या मारा. कागदावर पडलेले धुळीचे कण चालू लागले तर तो लाल कोळी. बोटाने पुसल्यावर लालसर-तपकिरी रेघ उमटते. हा ज्युनिपरचा जुना वैरी. एका झाडाबरोबर तो घरातल्या बाकीच्या कुंड्यांतही पोचतो.

बियांची पाकिटं

'ज्युनिपर बोन्सायचं बी' म्हणून दीडशे-तीनशे रुपयांची पाकिटं ऑनलाइन विकली जातात, चित्रात कधी जांभळ्या, कधी निळ्या पानांची झाडं असतात. बोन्सायचं वेगळं बी नसतं. साध्या झाडाला कुंडीत वाढवून, छाटून बोन्साय केलं जातं. त्यातून ज्युनिपरचं बी रुजायला थंडीचा दीर्घ काळ लागतो, अंकुर फुटायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त जातं. आणि पाकिटात काय आहे हे कळायला तेवढंच थांबावं लागतं. याबद्दल आणखी लिहायची गरज नाही.

जागा : याचे पैसे कुणी सांगत नाही

ज्युनिपर हे घरात ठेवायचं झाड नाही. टीपॉयवर नाही, टीव्हीच्या शेजारी नाही, ऑफिसच्या टेबलावर तर नाहीच. रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन आणि खेळती हवा मिळाली तरच ते टिकतं. खिडकीच्या काचेआड आलेला उजेड आपल्याला भरपूर वाटतो, झाडाला तो उपासाचा असतो. दिवाणखान्यात ते दोन-तीन महिने जसंच्या तसं दिसेल, कारण वर सांगितलं तेच.

म्हणजे खर्चाचा पहिला आकडा रुपयांत नसून चौरस फुटांत आहे. पूर्व किंवा दक्षिणेची बाल्कनी, गच्चीचा कोपरा, अंगण यातलं काही नसेल तर ज्युनिपर घेऊ नये. सावलीच्या घरात फायकस घ्या, सुट्टीवर वारंवार जात असाल तर जेड घ्या. दोन्ही आपल्या हवेत मजेत राहतात आणि बोन्सायचं सगळं शिक्षण त्यांच्यावरही होतं.

गावोगावी हिशेब वेगळा. ज्युनिपर मूळचं थंडीतलं. लडाखमध्ये हेमिस शुकपाचन नावाचं गावच ज्युनिपरच्या जुन्या राईवरून ओळखलं जातं, तिथे शुकपा म्हणजे हे झाड. हिवाळ्यात त्याला विश्रांती लागते. पुणे-नाशिकला डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, तेवढ्या अर्ध्यामुर्ध्या विश्रांतीवर ते भागवून घेतं. साताऱ्याचा घाटमाथा, पाचगणी इथे हवा त्याहून चांगली, पण महाबळेश्वरच्या बाजूला पावसाळ्यात डोक्यावर छप्पर हवंच. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, गोवा इथे दमट उष्मा आणि जून ते सप्टेंबरचं सूर्यदर्शनाविना चालणारं ओलं हवामान ही दुहेरी अडचण. तिथे ज्युनिपर जगवणारे आहेत, पण ते मुरलेले लोक आहेत. कोकणातल्या नवख्याला माझा सल्ला नकाराचाच. नागपूर-चंद्रपूरकडे पावसापेक्षा मे महिना कठीण. दुपारी बारा ते चार ५० टक्के सावलीची हिरवी जाळी, आणि कुंडीभोवती ओलं गोणपाट. उन्हाने पानं नंतर भाजतात, आधी लहान कुंडीतली मुळं शिजतात.

पाणी

'रोज एक कप' असा सल्ला कुणी दिला तर त्याच्याकडून झाड घेऊ नका. ज्युनिपरला किती पाणी हे तारखेवर ठरत नाही, मातीवर ठरतं. स्वयंपाकघरातली कबाबची लाकडी काडी कुंडीत तिरकी खोचून ठेवा, दहा मिनिटांनी काढा. ओली, गडद निघाली तर आज पाणी नाही. टोक जेमतेम दमट असेल तर पाणी घाला, आणि घालाल तेव्हा झारीने, सगळ्या पृष्ठभागावर, तळाच्या भोकांतून धार लागेपर्यंत. मिनिटभर थांबून पुन्हा एकदा. चुळकाभर पाणी रोज घालण्याने वरचा थर ओला आणि खालचा कोरडा राहतो.

चांगल्या निचऱ्याच्या मातीत पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत सकाळ-संध्याकाळ पाणी लागतं. हिवाळ्यात दिवसाआड चालतं. पावसाळ्यात आठ-आठ दिवस हात लावावा लागत नाही, पण तेव्हा काम उलटं : कुंडीच्या एका बाजूखाली लाकडाचा इंचभर ठोकळा सरकवून ती तिरपी ठेवायची. उथळ सपाट कुंडीत तळाशी पाण्याचा एक थर साचून राहतो, तो या तिरपेपणाने उतरून जातो. हा ठोकळा फुकट आहे आणि महागड्या बुरशीनाशकापेक्षा जास्त झाडं वाचवतो.

माती, कुंडी, तार, कात्री

जपानमध्ये बोन्सायसाठी अकादामा नावाची दाणेदार भाजकी दिसणारी माती वापरतात. ती आयात होऊन इथे येते तेव्हा तिचा भाव एका कुंडीपुरताही खिशाला लागतो. सुरुवातीला तिची गरज नाही. पक्क्या भाजलेल्या विटेचे तुकडे करा, पिठाच्या नव्हे तर वाळूच्या चाळणीने चाळा, तीन ते सहा मिलिमीटरचे दाणे ठेवा, धूळ पूर्ण धुऊन टाका. त्यात जाड वाळू किंवा प्यूमिस, आणि एकूण मिश्रणाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी जुनं कुजलेलं शेणखत किंवा गाळलेलं कंपोस्ट. धूळ धुण्याचा कंटाळा करू नका, तीच पुढे तळाशी बसून चिखल करते. घरी केलं तर खर्च शे-तीनशे, तयार बोन्साय मिश्रणाची पाच किलोची पिशवी घेतली तर चारशे ते आठशे.

नर्सरीच्या पिशवीतली लाल चिकट माती एकदम सगळी धुऊन काढायची नाही. हा हव्यास ज्युनिपरच्या जिवावर बेततो. जानेवारी-फेब्रुवारीत, नवी वाढ जोर धरायच्या आधी, गोळ्याच्या अर्ध्या बाजूची माती काढून तिथे नवी भरा. उरलेली अर्धी दोन वर्षांनी. मुळं एक-तृतीयांशाहून जास्त कापू नका, आणि ज्या हंगामात कुंडी बदलली त्या हंगामात मोठी छाटणी आणि जाड तार दोन्ही टाळा. पुढे तरुण झाडाची कुंडी दर दोन-तीन वर्षांनी, म्हाताऱ्याची चार-पाच वर्षांनी. दुसऱ्याकडून करून घेतलं तर पाचशे ते दीड हजार मजुरी.

पहिली तीन वर्षं कुंभाराकडची पसरट मातीची कुंडी उत्तम. शंभर ते अडीचशेला मिळते, भोकं मोठी करून मागता येतात. उत्तर प्रदेशातल्या खुर्जाहून येणाऱ्या चकाकी दिलेल्या कुंड्या चारशेपासून हजार-बाराशेपर्यंत. जपानच्या तोकोनामेची कुंडी हा वेगळा नाद आहे, त्याचा हिशेब घरच्यांसमोर करू नये.

तार ॲल्युमिनियमची घ्या, दीड, दोन आणि तीन मिलिमीटर अशा तीन लहान गुंडाळ्या पुरतात, मिळून तीनशे-पाचशे. फांदीच्या जाडीच्या साधारण एक-तृतीयांश जाडीची तार लागते. तांबं जास्त घट्ट धरतं, पण महाग, आणि नवख्याच्या हातात फांदी मोडते. तार लावल्यावर पावसाळ्यात दर आठवड्याला पाहत राहा. फांदी फुगून तार सालीत रुतायला लागली की ती उलगडत बसू नका, कटरने तुकडे करून काढा. दोनशे रुपयांची तार वाचवताना फांदी मोडलेली बरीच झाडं पाहण्यात येतात.

हत्यारांच्या संचाचे फोटो मोहात पाडतात. पहिल्या वर्षी दोनशे ते पाचशेची एक धारदार, निमुळत्या टोकाची कात्री बस्स. फांदी खोडाशी खोलगट कापणारा कॉन्केव्ह कटर देशी-चिनी हजार ते अडीच हजारांना, जपानी त्याच्या कित्येक पट. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी घ्या, तोवर झाड राहिलंय का तेही कळेल.

कात्रीबरोबर दोन पथ्यं. शेंडे नखांनी खुडत बसू नका. पूर्वी तसं शिकवत असत, त्याने झाडाची ताकद जाते आणि टोकं तपकिरी पडतात. लांबलेला कोंब कात्रीने मागच्या जोडापाशी कापावा. आणि कुठल्याही फांदीवरचं सगळं हिरवं कापू नका. पानांविना राहिलेल्या जुन्या लाकडातून ज्युनिपरला नवा फुटवा येत नाही, ती फांदी मेलीच म्हणून समजा. छाटणी जास्त झाली की मऊ खवलेदार पानांच्या झाडावर अचानक टोचरी, बालपणीची पानं येऊ लागतात. तो त्रासाचा इशारा आहे, तेव्हा वर्षभर कात्री कपाटात.

हिशेब

नर्सरीतलं झाड ३५० रुपये, मातीची कुंडी २००, मिश्रण ३००, तार ३५०, कात्री ३००, कडुनिंबाचं तेल २००, पेंड-खत १५०. पहिल्या वर्षाचे झाले १,८५० रुपये. फळीवरचं तयार झाड घेतलं तर झाड २,५००, त्याची चिखलमाती बदलायला ५००, कात्री ३००, तेल २००, खत १५०, म्हणजे ३,६५०. दुसरा रस्ता दुप्पट महाग, आणि खोड बहुतेक वेळा बारीकच. माझ्या मते वाचलेल्या अठराशे रुपयांत थोडी भर घालून एखाद्या जाणकाराची एक दिवसाची कार्यशाळा करावी. झाड, कुंडी, तार धरून अशा कार्यशाळेला दोन ते पाच हजार पडतात. पुस्तकातून न कळणारी गोष्ट, म्हणजे तार वळवताना फांदी 'आता पुरे' म्हणते तो करकर आवाज, तिथे शेजारी बसून ऐकता येतो.

दुसऱ्या वर्षापासून खत, तेल, थोडी तार मिळून पाच-सहाशे रुपये. खतासाठी निंबोळी किंवा शेंगदाण्याची पेंड महिन्याला चमचाभर, पावसाळ्यात बंद. कोळी दिसला तर आधी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून, दर दोन-तीन दिवसांनी, आणि मग संध्याकाळी कडुनिंबाचं तेल. हा खर्च नगण्यच.

सुट्टीचा खर्च

आता खरा आकडा. मे महिन्यात दहा दिवस गावाला किंवा सहलीला जायचं ठरलं, की झाडाला दिवसातून दोनदा पाणी कोण घालणार? सोसायटीतला माळी दिवसाला शंभर रुपये घेतो असं धरलं तरी दहा दिवसांचे हजार झाले, म्हणजे वर्षभराच्या खत-तेल-तारेपेक्षा जास्त. दिवाळी धरली की आकडा आणखी वर. बॅटरीवर चालणारा नळाचा टायमर आणि ठिबकच्या नळ्या हा उपाय दीड ते तीन हजारांत होतो, पण तो निघायच्या आदल्या दिवशी बसवायचा नाही. आठवडाभर घरी असताना चालवून पाहायचा, बॅटरी संपते, नळी निसटते, नळाला दाब नसतो. काही बोन्सायवाले सुट्टीपुरतं झाड स्वतःकडे ठेवून घेतात. त्यांच्याकडून झाड घेतानाच हे विचारून ठेवावं. शेजाऱ्यावर सोपवणार असाल तर कबाबची काडी त्याच्या हातात द्या, नाहीतर तो मायेने रोज तांब्याभर ओततो.

२०१९ च्या जानेवारीत जपानमधल्या सैतामा भागातल्या कावागुचीत एका बागेतून सात बोन्साय चोरीला गेली. एकूण किंमत किमान १ कोटी ३० लाख येन. त्यातलं एक शिम्पाकू ज्युनिपर सुमारे ४०० वर्षांचं, एकट्याची किंमत कोटी येनच्या घरात, म्हणजे तेव्हाच्या दराने साठ-पासष्ट लाख रुपये. मालकांनी फेसबुकवर चोरांना विनंती केली ती आधी झाडाला पाणी घालण्याची, कारण आठवडाभर पाणी नाही मिळालं तर ते जगणार नाही. चार शतकांच्या झाडाला जी हजेरी लागते तीच साडेतीनशेच्या झाडाला लागते. त्यात सवलत नाही.

ऑनलाइन घेतलं आणि मेलेलं आलं तर

खोकं उघडतानाचं चित्रीकरण करा, न थांबवता, पत्त्याच्या चिठ्ठीपासून. पानोरा, खोड, कुंडीचा तळ यांचे फोटो त्याच दिवशी विक्रेत्याला लेखी पाठवा. नखाने खरवडून सालीखालचा रंग दाखवणारा फोटो त्यात हवाच, कारण विक्रेता 'हिरवं तर आहे' असं म्हणेल. 'रोपांवर परतावा नाही' अशी ओळ संकेतस्थळावर असते, पण २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. मोरपंखी पाठवून ज्युनिपरचे पैसे घेतले तर तेही यातच बसतं. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. नर्सरीतून घेतलं तरी झाडाचं नाव लिहिलेली पावती मागा. बहुतेक ठिकाणी ती मिळत नाही आणि मागणाऱ्याकडे जरा विचित्र नजरेने बघतात, तरी मागा.

न्यू जर्सी, टोरोंटोच्या मंडळींसाठी

तुमच्याकडे हे झाड तीस-चाळीस डॉलरना सुपरमार्केटात मिळतं आणि हवा आमच्यापेक्षा त्याला मानवणारी आहे. नुकसान होतं ते बर्फ पडू लागल्यावर दया येऊन घरात आणण्याने. हीटरच्या कोरड्या हवेत ते जात्यात सापडतं. बाहेरच राहू द्या. कुंडी जमिनीत खड्डा करून कानापर्यंत पुरा, वर लाकडाचा भुसा किंवा पालापाचोळा घाला, वाऱ्यापासून आडोसा द्या. थंडीत पानं तांबूस-जांभळी झाली तर घाबरू नका, वसंतात हिरवी होतात. आणि भारतात येताना आईसाठी म्हणून ते सामानात घालू नका. जिवंत रोप आणायला आयात परवाना आणि त्या देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. विमानतळावर झाड जाईल, वर चौकशी वेगळी.

इथे खरेदीला उत्तम वेळ जानेवारी. कुंडी बदलायचा हंगाम तोच, आणि पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं फुलांचं प्रदर्शन, मुंबईत राणीच्या बागेतलं प्रदर्शन त्याच सुमारास भरतं. पहिल्या दिवशी फक्त बघायला जा, बोन्साय मांडणाऱ्यांना माती काय वापरता आणि मे महिन्यात झाड कुठे ठेवता एवढे दोनच प्रश्न विचारा. उत्तरं ऐकून मग नर्सरी. खिशात पांढरा कागद असू द्या.